मिलसमोरच्या हॉटेलाच्या वह्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मिलच्या परिसरातील आमचे चहाचे हॉटेल गेल्या महिन्यात कायमचे बंद झाले. मालकांची तिसरी पिढी पुण्यात नोकरीला आहे आणि गिऱ्हाईकही उरले नव्हते, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. माझे पत्र आहे ते त्या हॉटेलातील उधारीच्या वह्यांविषयी.

ही जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, १८७७ मध्ये सुरू झाली. माझे आजोबा तिच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, बदली कामगार होते. बदलीवाल्याने रोज पहाटे दारावर जाऊन उभे राहायचे आणि कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असला तरच आत जायचे, नाही तर समोरच्या हॉटेलातील बाकड्यावर येऊन बसायचे. तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी अशा चारही भाषा त्या बाकड्यावर चालत. काम न मिळालेल्याकडे मालक चहाचे पैसे मागत नसत, वहीत मांडून ठेवत. आणि मांडताना नाव नव्हे, तर मिलमधले खाते आणि तिकीट नंबर, म्हणजे मिलने दिलेला कामगाराचा क्रमांक, लिहीत. त्यामुळे वही चाळताना माणसाची जात किंवा भाषा कळत नाही, फक्त तो कोणत्या खात्यात होता एवढे कळते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

ऑगस्ट १९४९ मध्ये ही मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबरमध्ये त्याचा अर्ज फेटाळला गेला. समानतेच्या हक्कावरील तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. मात्र मिलला टाळे असताना कामगारांनी दिवस कसे काढले, हे त्या निकालात सापडणार नाही. आजोबांच्या तिकीट नंबरचे पान मी स्वतः पाहिले आहे : दिवाळीच्या सुमारास ‘२ चहा, १ पाव’ अशा ओळीमागून ओळी आहेत आणि जमेची बाजू कोरी आहे; पुढे मिल सुरू झाल्यावर कधी दोन आणे, कधी चार आणे असे करत ती भरत गेली आहे.

हॉटेल आवरताना या वह्या रद्दीत निघाल्या होत्या. मी विनंती केल्यावर मालकांच्या नातवाने दोन पोती भरून माझ्या स्वाधीन केली. माझे घर जुने असून पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, आणि काही पानांना आताच कसर लागली आहे. शहरातील एखाद्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग किंवा ग्रंथालय या वह्या नीट जपणार असेल, तर त्यांनी आपल्या संपादकीय कार्यालयामार्फत मला निरोप द्यावा. पोती पोहोचवण्याची व्यवस्था मी स्वखर्चाने करीन.

आपला नम्र,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर