बेनिनचा प्रतिनिधी इंग्रजीतच का बोलेल?

संपादक महोदय,
स. न.

गेल्या हिवाळ्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेची चार मुलं घेऊन मी नागपूरच्या एका महाविद्यालयात ‘मॉडेल यूएन’ला गेलो होतो. मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन परिषद भरवायची, असा हा प्रकार. आमच्या वाट्याला समिती आली जागतिक व्यापार संघटनेची, विषय कापसावरची अनुदानं आणि देश पश्चिम आफ्रिकेतला बेनिन. बेनिन मलाही नकाशात शोधावा लागला, आणि मी भूगोल शिकवतो!

तयारीत मुलं अशी रमली की विचारू नका. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार कापूसवाल्या देशांनी २००३ मध्ये या संघटनेत तक्रार मांडली होती, की अमेरिकेसारखे श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना अनुदान देतात आणि भाव आमचा पडतो. हे वाचून नववीतली एक मुलगी म्हणाली, “सर, हे तं आपलंच गाऱ्हाणं हाय.” तिच्या घरी पाच एकर कापूस. पुढे कळलं की २०१८ मध्ये अमेरिकेने भारताच्या कापसाच्या हमीभावावरही तिथेच आक्षेप घेतला होता. मग बेनिनने हमीभावाबद्दल काय बोलायचं? यावर दोन संध्याकाळी गेल्या. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. शेवटी ठरलं, कोणी विचारलं तरच बोलायचं. (मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच असावी.)

परिषदेत बोलायला एक मिनिट, तेही इंग्रजीतच. ‘मी’ म्हणायचं नाही, ‘बेनिनचं शिष्टमंडळ’ म्हणायचं. पाठ केलेलं इंग्रजी भाषण ठीक झालं. मग अमेरिकेच्या प्रतिनिधीने विचारलं, तुम्ही यंत्राने वेचणी का करत नाही? आमची मुलगी क्षणभर अडखळली आणि बोलून गेली, “माही माय दिवसाले चाळीस किलो वेचते, यंत्र आलं तं तिनं काय करावं?” सभागृह हसलं. अध्यक्षांनी तिथेच थांबवलं. ‘मी’ही चुकलं होतं आणि भाषाही. उत्तर मात्र त्या दिवशी ऐकलेल्या उत्तरांत सगळ्यात नेमकं होतं.

गंमत पुढेच आहे. मधल्या वेळात ठरावाची जुळवाजुळव कँटीनमध्ये चहावर झाली, ती निव्वळ वऱ्हाडीत. अमेरिका अकोटची निघाली.

खऱ्या संयुक्त राष्ट्रांत सहा अधिकृत भाषा आहेत. त्यांबाहेरच्या भाषेतही बोलता येतं, भाषांतराची सोय मात्र आपण करायची. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी तिथे हिंदीतच बोलले होते. बेनिनची तर राजभाषाच फ्रेंच. मग नागपुरात मराठीला बंदी कशासाठी?

आयोजकांना विनंती एवढीच, की मराठी-हिंदीत बोलायची मुभा द्या आणि प्रत्येक संघाला एक विद्यार्थी दुभाषा आणू द्या. त्या दुभाष्यालाही गुण ठेवा. ब्लेझरची सक्तीही काढून टाका. आम्ही चार ब्लेझर भाड्याने आणले, त्यातल्या दोघांच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. यंदाचा अर्ज मी अजून भरलेला नाही. ती मुलगी रोज विचारते आहे, या वेळी देश कोणता मागायचा.

– एक भूगोल शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ