इंग्लंडमधल्या एल्सबरीहून घरी

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

आई, तू विचारतेस म्हणून सांगतो, चाकाच्या खुर्चीत सारखं बसून पाठीला जखम झालेली नाही. रोज आरशात बघतो, खुर्चीत अधूनमधून पुढे रेलून बसतो. मामा म्हणाले म्हणे, "एवढ्या लांब एकटा कसा राहतो?" त्यांना सांग, एकटा नाही.

इथे कण्याला इजा झालेल्या नव्या माणसाला ‘बॅक अप’ नावाची संस्था तसाच एक जुना माणूस जोडून देते. त्याला मेंटर म्हणतात. तो डॉक्टर नसतो. स्वतः त्यातून गेलेला असतो, प्रशिक्षण घेतलेला असतो आणि फोनवर बोलतो. माझा मेंटर लीड्सचा, दोन मुलांचा बाप. पहिल्याच फोनला हवापाण्याचं बोलून झालं आणि लगेच त्याने विचारलं, सकाळी पोट साफ व्हायला किती वेळ लागतो? मी गप्पच झालो. आपल्याकडे हे घरातसुद्धा दबक्या आवाजात. तो मात्र सांगत राहिला: वेळ रोज एकच ठेव, नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासाने बस, घाई करू नकोस, पिशवीत जास्तीचा कॅथेटर (लघवीची नळी) आणि पँट ठेव. नर्सनेही हेच सांगितलं होतं. पण ऑफिसात पँट ओली झाली तर कोणाला काय म्हणायचं, हे त्यालाच ठाऊक होतं. त्यानंतर मी ट्रेनने लंडनला जायला लागलो.

बाबा, "गावी ये, आम्ही बघतो" म्हणता. बघाल, खात्री आहे. पण आपल्या जिन्यावरून मला उचलणार कोण, तुमची कंबर अशी असताना? आपल्या पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक घेतलं, हे तुम्हीच मला सांगायचात. ते पॅरालिम्पिक ज्या खेळांतून वाढलं, ते डॉ. गुटमन यांनी १९४८ मध्ये १६ जखमी सैनिकांना घेऊन सुरू केले, मी उपचाराला होतो त्याच इथल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात. इथे राहतो ते हट्टाने नाही.

आता मीही मेंटर होतोय. शनिवारी फोन उशिरा आला तर घाबरू नका. आई, इथे घरच्यांसाठीही असे मेंटर असतात, एका आईशी दुसरी आई बोलते. तुला तसं कोणी नाही, हे मला फार लागतं.

मी पैसे पाठवलेत. माझ्या बाथरूमसाठी साठवू नका, लग्नाच्या हॉलची आगाऊ रक्कम भरा. सुजयचं लग्न माझ्यापायी अडवू नका. मुलीकडच्यांना माझं सगळं स्पष्ट सांगा. वैशाखातला मुहूर्त धरा, मी येतो. हॉलला पायऱ्या किती, तेवढं सुजयला बघायला सांगा.

तुमचा,
अमोल