पायापुरती दिसणारी बाई

पुणे,
9 नोव्हेंबर 2014

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. (आजी असती तर 'वि. वि.' लिहायला लावलं असतं.) तुझं पार्सल दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचलं. फराळाच्या बदल्यात तू डीव्हीडी पाठवल्यास म्हणून आई दोन दिवस फुरंगटून होती. 'तिकडे चिवडा मिळत नाही म्हणून इकडे तबकड्या?' असं म्हणाली. तुझी टॉम अँड जेरीच्या 'स्पॉटलाइट कलेक्शन'ची तिन्ही खोकी नीट आली, फक्त दुसऱ्याच्या कोपऱ्याला चेप बसलाय. पण तिसऱ्या खोक्यावर तू मार्करने 'अपूर्ण. मला नको' लिहून ठेवलंस, ते पाहून हसावं की तुला झापावं कळेना. घटस्फोटाच्या कागदावर सही केल्यासारखी केलीस की रे!

आधी तांत्रिक रडगाणं. डिस्कवर देशाप्रमाणे कुलूप असतं ना, अमेरिकेच्या डिस्क म्हणजे रीजन एक, आपला प्लेअर रीजन पाच. टीव्हीवर काळा पडदा आणि इंग्रजीत नकार. शेवटी जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. त्याचा ड्राइव्ह रीजन फक्त पाच वेळा बदलू देतो. त्यातले तीन बदल आधीच कुणीतरी वापरलेत. 'कुणीतरी' म्हणजे मीच असणार. आता एक बदल करून बसलोय आणि शेवटचा शिल्लक आहे. त्यामुळे तुझा टॉम आणि जेरी सध्या आमच्याकडे पोटमाळ्याच्या जिन्याखाली, सतरा इंची मॉनिटरवर धावतायत.

आता मुद्द्याचं. तू गेल्या वर्षीपासून जे घोषवाक्य लावलंयस, पूर्ण द्या नाहीतर देऊ नका, त्यावर त्या रात्री फोनवर मी हो ला हो केलं. मलाही राग आला होताच. 114 कार्टूनं हॅना आणि बार्बेरा यांनी 1940 ते 1958 मध्ये केली, त्यातली 112 द्यायची आणि दोन गाळायची, हा काय हिशोब? तिसऱ्या खोक्यात 2007 ला 'माउस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' नव्हती. मग ब्लू-रेवरचा 'गोल्डन कलेक्शन'चा पहिला भाग 2011 ला आला, आणि 2013 च्या जूनमध्ये दुसरा येणार होता, त्यातही हीच दोन गायब. तुम्ही शौकिनांनी आरडाओरडा केलात, विक्रीच्या साइटवर एक-एक तारा देऊन मोकळे झालात, आणि कंपनीने तो भाग बाहेरच काढला नाही. म्हणजे दोन वाचवायला गेलात आणि बाकीचीही गेली. चिवडा खारट झाला म्हणून पातेलंच उपडं.

तुझ्या पेन ड्राइव्हवर ते 'माउस क्लीनिंग' होतं. कुठल्या शौकिनाच्या लेझरडिस्कवरून उतरवलंस देव जाणे, पण चित्र झकास आहे. शनिवारी दुपारी चिऊला मांडीवर घेऊन लावलं. तुला माहितीच आहे, 1948 चं. घरातली बाई, जिचे नुसते पाय दिसतात, ती टॉमला बजावून जाते की घर स्वच्छ ठेव, नाहीतर तुझी हकालपट्टी, आणि जेरी शाई, टोमॅटो, काय वाट्टेल ते सांडत सुटतो. चिऊ खिदळत होती. माझंही तेच. टॉम पुसतोय, पाय सरकतोय, पुन्हा पुसतोय. त्यातला वेळ कसा मारलाय बघ, एक फ्रेम इकडची तिकडे केली असती तर हशा गेला असता.

मग शेवटी कोळशाचा ढीग घरात येतो. बाई त्यातून बाहेर येते, आणि समोर टॉम, काळा ठिक्कर, ओठ तेवढे मोठे. आणि तो बोलतो. रेंगाळत, खालमानेनं, मूर्खासारखं: बाई, मी नाही कुठला बोका पाहिला. त्या काळच्या अमेरिकन सिनेमात काळ्या माणसाची जी आळशी, बावळट सोंगं असायची, त्यातलंच ते. चिऊ हसलीच. तिला ते बोलणं कळलंच नव्हतं, ती कोळशाला हसली. माझं मात्र हसू घशात अडकलं. मग तिने विचारलं, 'बाबा, ह्या बाईचं तोंड का नाही दाखवत?'

बंड्या, ह्या प्रश्नावर मी दोन दिवस अडकलोय. म्हणून मेल न करता कागद घेऊन बसलो.

आपल्याकडे 1995 ला केबलवाल्याने ते चॅनल चालू केलं तेव्हाचं आठवतं? दिवसभर कार्टून, आणि संध्याकाळ झाली की त्याच नंबरवर गोरी माणसं काळ्या-पांढऱ्यात सिगरेटी ओढत इंग्रजी बोलायला लागायची. आपण शाळेतून येऊन तुमच्या खालच्या खोलीत बसायचो, आणि सुमनमावशी भांडी घासून झाली की उंबऱ्यापाशी बसून बघायची. खुर्चीवर बस म्हटलं तरी नाही. त्या बाईचे जाड पाय, पायातल्या सपाता, ॲप्रन दिसला की मावशी सावरून बसायची. आपण म्हणालो, मावशी, ती घरची कामवाली आहे. ती म्हणाली, 'न्हाय, घर तिचंच हाय. असं वरडायला घर आपलं लागतंय.' आणि आपण दोघं हसलो. तिच्या म्हणण्याला नाही रे, 'वरडायला'ला. आठवडाभर आपण 'वरडायला, वरडायला' करत फिरत होतो. मावशीही हसायची. तेव्हा वाटायचं, तिलाही मजा येते.

तर ती बाई. पहिल्या कार्टूनपासून, म्हणजे 1940 च्या 'पस गेट्स द बूट'पासून (त्यात टॉमचं नाव जॅस्पर होतं, हे तू मला दहा वेळा ऐकवलंयस), ती 1952 पर्यंत आहे. तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ नावाच्या काळ्या नटीचा. रेडिओवर तिचं चांगलं नाव होतं, सिनेमातही मोलकरणीच्या भूमिका. पडद्यावर इथे नाव नाही. पण आवाज ऐक. 'थॉमस!' म्हणून ती जी हाक मारते, त्यात अर्धं कार्टून उभं राहतं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी ह्या संघटनेने काळ्या मोलकरणीच्या ठरावीक साच्यातल्या ह्या पात्राला विरोध केला. बरोबरच होतं त्यांचं. आपल्या नाटक-सिनेमातल्या रामा गड्याला कोकणातल्या कुणी जाब विचारला असता तर काय चुकलं असतं? तुझे आजोबा मुंबईत कुणाच्या घरी कामाला होते आणि त्यांना तिथे कुठल्या नावाने हाक मारायचे, हे तूच मला सांगितलंयस. त्यांचं खरं नाव रामा नव्हतं.

पण पुढचं ऐक, इथे मला खरा संताप येतो. साठच्या दशकात ही कार्टूनं अमेरिकेत टीव्हीवर जायची ठरली, तेव्हा चक जोन्स ह्या कार्टूनवाल्याच्या मंडळींनी ती बाईच खोडून काढली. तिच्या जागी गोरी, बारीक बाई नव्याने काढली, आणि जून फोरे ह्या नटीकडून आयरिश धाटणीचा आवाज दिला. 'सॅटर्डे ईव्हनिंग पस'मध्ये तर पत्ते खेळायला निघालेल्या ह्या बाईची नाचायला निघालेली तरुण गोरी पोरगी झाली. मजा अशी की त्याच कार्टूनमध्ये मूळ बाईचा चेहरा क्षणभर दिसतो. चिऊच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं, आणि नेमकं तेच रंगवून टाकलं! पुढे नव्वदच्या दशकात मूळ चित्र परत आणलं, पण आवाज पुन्हा बदलला. यावेळी थिया व्हिडेल ही काळी नटीच होती, भाषा जरा 'सुधारलेली'. म्हणजे अपमान कमी करायला म्हणून जिने तो अपमान पोटासाठी गिळून उत्तम काम केलं, तिचंच काम पुसलं. दोनदा. तुमच्या दुसऱ्या खोक्यात अशा बदललेल्या आवाजाच्या प्रती घुसल्या आणि तुम्ही कंपनीला डिस्क बदलून द्यायला लावल्यात, ह्याबद्दल तुमचे पाय धरायला हवेत. कोळशाच्या प्रसंगापेक्षा मला ती लढाई मोठी वाटते.

म्हणून सांगतो, तुझी मागणी बरोबर, कारण चुकीचं. 'कार्टून तर आहे, काय एवढं' हे तू शंभरदा म्हणालास. नाही रे. हे एवढं आहे. दुसऱ्या खोक्यावर व्हूपी गोल्डबर्ग ही काळी नटी सुरुवातीला येऊन सांगते की हे गाळणं म्हणजे असं काही घडलंच नाही असं म्हणणं. मला पटलं. गेल्या महिन्यात त्या ऑनलाइन विक्रीवाल्यांनी पाटी लावली की यात त्या काळच्या समाजातले वांशिक पूर्वग्रह दिसतील, ते तेव्हाही चूक होते, आताही चूक आहेत. तुझे मित्र त्यावर केवढे भडकले. मला कळत नाही, पाटीने कुणाचं काय बिघडतं? आपल्याकडे सिनेमात कोणी बिडी पेटवली की खाली पट्टी येते, आणि आपण पट्टी वाचत बिडी बघतो. इंग्लंडमध्ये 2006 ला एका प्रेक्षकाच्या तक्रारीवरून टॉमच्या सिगरेटी कापायला निघाले होते. त्यापेक्षा पाटी बरी.

मात्र चिऊला ते शेवटचं दीड मिनिट पुन्हा दाखवणार नाही, एवढ्यात तरी. तिच्या वाट्याची कात्री माझ्या हातात आहे, कंपनीच्या हातात नको. ह्यावर तू दात काढणार, काढ. आणि जुन्या निगेटिव्हपैकी किती तरी 1978 च्या आगीत गेल्या, हे तूच सांगतोस. जे उरलंय त्यावर आपण आणखी कात्री लावून काय मिळवणार, हेही तुझ्याच बाजूचं घे.

रविवारी सुमनमावशीकडे गेलो होतो. आता ती सुनेकडे असते, गुडघे गेलेत. पेन ड्राइव्हवरचं तिला लॅपटॉपवर दाखवलं, 'सॅटर्डे ईव्हनिंग पस', तुझ्याकडचंच मूळ. तो चेहऱ्याचा क्षण मी थांबवून धरला. मावशीने चष्मा पुसला, स्क्रीनजवळ गेली, म्हणाली, 'माझ्यापरीस ल्हान हाय की गं ही.' मग म्हणाली पुढं लाव, त्या बोक्याला अजून मार पडायचाय.

तिसरं खोकं परत पाठवत नाही. तुझ्या मार्करच्या खाली मी चिऊचं नाव लिहिलंय. ड्राइव्हचा शेवटचा बदल जपून ठेवतो, कारण तू येशील तेव्हा इकडून मराठी नाटकांच्या डीव्हीडी नेणार आणि तुझ्याकडे त्या लागणार नाहीत म्हणून माझ्या गळ्यात पडणार, हे ठरलेलं आहे. वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद. आई म्हणते, चिवडा जानेवारीत कुणी येणारं असेल तर देईन, डबा परत पाठवायच्या अटीवर.

तुझा,
बापू

ता. क. मावशीला तू आठवतोस. 'त्यो वरडायला म्हणून हसायचा तो पोरगा' असं म्हणाली.