काळ्या रंगाची निळी फुलं

डेल्फ्ट,
रविवार संध्याकाळ

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

(बाबा, बघा, तुम्ही शिकवलेला मायना अजून लक्षात आहे.)

गुरुवारी फोनवर आई म्हणाली की माळा साफ करायला काढलाय आणि भरतकामाच्या ट्रेसिंगचे कागद आता बंबात घालणार. मी काही बोलणार एवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि फोन बाबांच्या हातात गेला. मग आंब्याला मोहोर, शेजाऱ्यांची भिंत, इराचा खोकला. कागद राहिलेच.

आई, ते कागद बंबात घालू नकोस. फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं बरं" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून लिहितेय.

इथं येऊन तीन वर्षं झाली, पण सायकलनं पंधरा मिनिटांवर असलेला रॉयल डेल्फ्टचा निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा कारखाना मी आतून पाहिलाच नव्हता. वेंगुर्ल्यात जन्म काढून डच वखार आपण तरी कितीदा पाहिली? पाहुणे आले की बाबा न्यायचे, तेवढीच. इथंही तेच झालं. पुण्याची मैत्रीण आली, तिला दाखवायला म्हणून गेलो, चांगलं तिकीट काढून. कारखाना १६५३ सालचा. वेंगुर्ल्यात या डच लोकांनी १६३७ मध्ये बस्तान मांडलं, म्हणजे आपल्या वखारीपेक्षा सोळा वर्षांनी धाकटा. गंमत अशी की ज्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांना सगळं जग हॉलंडची म्हणून ओळखतं, ती मुळात चिनी भांड्यांची नक्कल. सतराव्या शतकात चीनमध्ये लढाया पेटल्या, तिकडून येणारा माल आटला, तसे इथल्या कुंभारांनी आपल्या मातीवर पांढरा लेप देऊन तसंच दिसणारं काहीतरी बनवायला घेतलं. एके काळी या गावात असे तीसेक कारखाने होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा एकटाच उरला.

आत एका मोठ्या खिडकीपाशी पन्नाशीची एक बाई ताटली रंगवत बसली होती. शेजारी वाटीत रंग. निळा नाही हं, काळा. काजळासारखा काळा. त्यात कोबाल्ट असतं. कारागीर काळ्यानंच रंगवतात, वरून पांढरा लेप चढवतात, त्याखाली सगळी नक्षी गडप होते, आणि मग ताटली भट्टीत जाते. अकराशे-बाराशे अंशांत तो लेप वितळून काचेसारखा पारदर्शक होतो आणि काळ्याचं निळं होतं. फिकी छटा हवी तर रंगात पाणी जास्त, गडद हवी तर कमी. म्हणजे ती बाई दिवसभर जे काढते ते तिला काढताना दिसतच नाही. कुठलं पान आकाशासारखं फिकं उतरेल आणि कुठलं शाईसारखं, ते सगळं डोक्यात.

पण मी थबकले ते त्याच्याही आधी. तिनं दुसरी कोरी ताटली घेतली, तिच्यावर एक कागद ठेवला. कागदाला सुईनं पाडलेली बारीक बारीक भोकं. मग कोळशाच्या पुडीची एक पुरचुंडी घेतली आणि कागदावरून थोपटत फिरवली. कागद उचलला, तर ताटलीवर ठिपक्याठिपक्यांचं फूल! त्या ठिपक्यांवरून तिनं कुंचल्यानं रेघ ओढायला सुरुवात केली. कोळसा भट्टीत जळून जातो, मागं काही राहत नाही. या कागदाला इथं स्पोन्स म्हणतात.

आई, आपल्या ओटीवरची दुपारच ती! घडी घातलेल्या चादरीवर ट्रेसिंगचा कागद, भोकं पाडायचं काम माझ्याकडे. "सुई उभी धर गो, तिरकी धरलीस तर कागद फाटतलो." मग रॉकेलात नीळ कालवून कापसाचा बोळा, तो कागदावरून हलक्या हातानं फिरवायचा, आणि गडद कापड असलं की निळीऐवजी पांढरी पावडर. माझ्या बोटांचा रॉकेलचा वास रात्री जेवतानाही जायचा नाही. तिसऱ्या पानापर्यंत मला कंटाळा यायचा आणि मी भोकं लांब लांब पाडत सुटायचे. त्या एका ब्लाउजवर मोराची मान त्यामुळेच वाकडी आली होती. तू त्या बाईंना सांगितलंस, "मागं वळून बघतोय तो." त्या खूश झाल्या होत्या.

म्हणून मी या बाईला विचारलं, चुकलं तर काय करता? कारण लेप न चढवलेली ताटली पाणी लगेच शोषते, एकदा टेकलेला रंग पुसता येत नाही. ती हसली, म्हणाली, तिथं आणखी एक पान काढते.

रंगवून झालं की ताटली पालथी करून ती तळाशी आपली आद्याक्षरं लिहिते. इथला नियमच आहे तो, हातानं रंगवलेल्या प्रत्येक वस्तूखाली कारखान्याची खूण आणि रंगवणाऱ्याची अक्षरं. ते बघताना माझं डोकं जरा फिरलं, खरं सांगते. तू पंचवीस वर्षं ब्लाउज भरलेस, त्यातल्या एकावर तरी तुझं नाव आहे? शिंप्याचं लेबल मात्र मानेखाली पक्कं शिवलेलं. जाऊ दे. तशी एक ताटली तुझ्यासाठी घ्यावी असं मनात होतं, किंमत बघितली आणि दोन्ही हातांनी जपून परत ठेवली. बाजारपेठेत छापील नक्षीच्या स्वस्त ताटल्या मिळतात, त्या घेणार नाही. तुला एका नजरेत कळेल.

बाबा, आता तुमच्यासाठी. इराला सुट्टी होती म्हणून एन्कहाउझनला गेलो, इथून उत्तरेला आगगाडीनं. तिथं उघड्यावरचं एक मोठं संग्रहालय आहे, झाउदरझे म्युझियम. झाउदरझे म्हणजे दक्षिणेचा समुद्र. १९३२ मध्ये यांनी बत्तीस किलोमीटरचा बांध घालून तो समुद्रच बंद केला. खारं पाणी हळूहळू गोडं झालं, त्याचं तळं झालं, हेरिंग मासा गेला आणि किनाऱ्यावरच्या गावांचा धंदा बसला. त्या गावांतली जुनी घरं उचलून इथं आणून मांडलीत. घरांत मंडळी कामं करत बसलेली असतात, टोपल्या विण, शिडं शिव, मासे धुरव. त्यांतले बरेच जण निवृत्त झालेले, हौसेनं येतात. एकेक आजोबा तुमच्यासारखेच, विचारलं एक तर सांगतात सात.

दोर वळायची जागा म्हणजे लांबलचक पडवीच. एका टोकाला हुक लावलेलं चाक, दुसऱ्या टोकाला माणूस. तीन पेड ताणून चाक फिरवायचं. पेडांच्या मध्ये तीन खाचांचा एक लाकडी गोळा धरतात, तो पुढं सरकतो तसतसा मागं दोर वळत जातो. गोळा घाईनं सरकवला तर दोर सैल, धरून ठेवला तर गाठाळ. इराला चाक फिरवायला दिलं, तर ती एवढ्या जोरात फिरवायला लागली की आजोबांनी मला डोळ्यांनी खुणावलं. शेवटी तिला उडीची दोरी मिळाली. तुम्ही मला सुंभ वळायला शिकवायला बसला होतात आणि मी दहा मिनिटांत उठून गेले होते, ते आठवलं. ही पोर पाऊण तास हलली नाही.

पुढची गोष्ट ऐका. जाळ्यांकडे बघत उभे होतो, तिथल्या एकानं सांगितलं की सुती जाळी कुजू नयेत म्हणून पूर्वी मोठ्या कढईत उकळायचे, सुरुवातीच्या काळात ओकच्या सालीच्या पाण्यात आणि पुढच्या काळात एका तपकिरी वड्यांच्या पाण्यात. त्या वड्या आशियातून बोटीनं येत. नाव म्हणाला काशू. मला वाटलं काजू! मग कळलं, कात. खैराचा कात, पानात घालतो तो. म्हणून यांच्या जुन्या चित्रांतली शिडंही तशी लालसर तपकिरी दिसतात, विडा रंगल्यासारखी. तुमचा आवाजच कानात आला, "आमचोच कात आमकाच दाखयतत!" थोडं पुढं गेलं की चुन्याच्या भट्ट्या आहेत, समुद्रातले शिंपले भाजून चुना करायचे त्यांतून. कात झाला, चुना झाला. सुपारीचं झाड तेवढं कुठं दिसलं नाही.

लाकडी बुटांचं तर तुम्ही दर फोनला विचारता, म्हणून तेही लिहिते. झान्सं स्खान्सला, जिथं पवनचक्क्यांची रांग आहे, तिथं पर्यटकांना ते करून दाखवतात. खरं सांगू, तिथं मला फारसं आवडलं नाही. चावीची नक्कल काढतात ना, त्याच तत्त्वावरचं यंत्र: एका बाजूला नमुन्याचा बूट, दुसऱ्या बाजूला लाकूड, आणि दोन-चार मिनिटांत बूट तयार. सांगणारा माणूस विनोद करतो, सगळे हसतात, दारातच दुकान. ओलं लाकूड किती पाणी धरतं ते दाखवायला त्यानं नुकत्याच कोरलेल्या बुटात फुंकर मारली, तर लाकडातून पाण्याचे थेंब आले. ते मात्र बघण्यासारखं होतं. लाकूड पॉप्लरचं किंवा विलोचं, कापायचं ओलंच, आणि नंतर काही आठवडे सावकाश वाळवायचं.

हातानं करणारा माणूस पाहिला तो दक्षिणेला, ब्राबांतमधल्या एका गावच्या कारागिरांच्या बाजारात. त्या भागात रस्त्याकडेला पॉप्लरच्या रांगाच रांगा आहेत, त्यातल्या कितीतरी बुटांसाठी लावलेल्या. त्याच्याकडे हातभर लांब सुरी होती. सुरीचं एक टोक आकड्यानं बाकाला अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला मूठ. अडकित्त्याचं वरचं पातंच म्हणा, फक्त सुपारीच्या जागी लाकूड. डाव्या हातानं ठोकळा फिरवतोय, उजव्यानं मूठ दाबतोय, आणि लाकडाचे पापुद्रे पडतायत. मग पळीसारख्या टोकाच्या गिरमिटानं आतून पोकळ करायचं, हे काम डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं: मधूनमधून हात आत घालून भिंत किती जाड राहिली ते चाचपतो. एका जोडीला दोन-तीन तास. हे बूट शोभेचेच असतात असं मला वाटायचं, पण अजून शेतकरी, माळीकाम करणारे ते घालतात. चिखलात पाय कोरडा राहतो आणि पायावर कुदळ पडली तरी बोटं वाचतात.

बाबा, तुम्हाला एक जोडी घेतेय. पावसात माडांना आळी करताना घाला. नको म्हणू नका, त्याला मी पैसे देऊन आलेय. फक्त माप हवं. बूट लाकडी, म्हणजे सैलावणार नाही, म्हणून त्यानं बजावलंय की पाय पुढं सरकवला की टाचेमागं एक बोट मावलं पाहिजे. जाड मोजे घालून, संध्याकाळी, पाय सुजलेला असतो तेव्हा, कागदावर उभे राहा आणि आईला पेन्सिलीनं कडेनं रेघ मारायला सांगा. दोन्ही पायांची. फोटो काढून पाठवलात तरी चालेल, शेजारी पट्टी ठेवा.

आई, डोळ्यांचं ऑपरेशन मार्चमध्येच करून घ्या, पुढं ढकलू नका. आणि बिस्किटांच्या डब्यातला तो मोराचा कागद, वाकड्या मानेचा, मला पाठव. रंगवणाऱ्या बाईला दाखवायचाय. बाकीचे परत माळ्यावर जाऊ देत.

आणि बाबा, पायाचं माप घ्यायला दुसरा कागद घ्या. आईच्या ट्रेसिंगवर उभे राहू नका.

तुमची,
मनू