विकर की विकार?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पान पाचवर ‘यीस्टमधील आरएनए कापणारा विकार सापडला’ हे वाचून आमच्या सौ.नी विचारलं, “मग लस कधी निघणार?” विकर हो, विकर! एन्झाइम! एकदा चुकलं तर मुद्रितशोधकाची डुलकी म्हटली असती, चार वेळा? वर यीस्टला जिवाणू करून टाकलंत. ते कवक आहे, त्याच्या पेशीत केंद्रक असतं.

आणि ‘सापडला’ म्हणजे काय? सुरसागर तलावाच्या काठी पडला होता?

१९८४ साली मी याच गावात एका प्रयोगशाळेत यीस्टच्या अर्कातून असाच विकर शोधत होतो. हातमोजे धुऊन, वाळवून पुन्हा घालायचे दिवस. एके रात्री आरएनए कापला गेला का ते दाखवणारी फिल्म धुतली तर आरएनएची पट्टी साफ गायब! मला वाटलं, मिळाला. सकाळी पेढे घेऊनच गेलो. सरांनी फिल्मकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “अर्क उकळ आणि पुन्हा कर.” उकळल्यावर यीस्टचा विकर मरायला हवा. आरएनए पुन्हा गायब. माणसाच्या घामातही आरएनए फस्त करणारे विकर असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. म्हणजे मी तीन महिने माझ्याच बोटांचा अभ्यास केला होता. पेढे मात्र सरांनी खाल्ले.

तेव्हा विकर ओळखला म्हणण्याआधी त्याचं जनुक हाती लागावं लागतं, ते बिघडवून पेशीत काय साठतं ते बघावं लागतं, मग शुद्ध प्रथिन एकट्याने तेच काम करतं का हेही. यीस्टचाच डीबीआर१ हा विकर घ्या. जनुकाच्या आरएनए प्रतीतून कापून टाकलेला नको असलेला तुकडा, म्हणजे इंट्रॉन, फासासारखा गुंतलेला असतो, तो फास हा सोडवतो. १९९१ मध्ये त्याचं जनुक मिळालं ते टीवाय१ या, डीएनएत जागा बदलत उड्या मारणाऱ्या जनुकाच्या मागे लागलेल्यांना. ते बिघडलं की पेशीत फासांचा ढीग साचतो, आणि पावाचं यीस्ट तरी खुशाल वाढत राहतं! तुमच्या बातमीत यातलं काय आहे? निळ्या पाण्याच्या परीक्षानळीचा फोटो.

असो. रविवारच्या शब्दकोड्यात ‘आंबवण्यास लागणारे’ याला तीनच चौकोन होते. ‘खमीर’ बसतं, पण सोमवारी उत्तर छापलंत ‘विरजण’. चार अक्षरं तीन चौकोनांत कशी कोंबलीत तेवढं कळवा.

आपला,
एक जुना वाचक,
रावपुरा, बडोदे