पंखा नाही म्हणजे धोका नाही असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

जेट बोटींवरचा, म्हणजे तळाच्या तोंडातून पाणी ओढून ते मागच्या नोझलमधून जोरात फेकत पळणाऱ्या बोटींवरचा, तुमच्या पेपरातला लेख वाचला, चांगला होता, पण वाचून झाल्यावर असं वाटतं की पंख्याच्या (प्रोपेलरच्या) बोटी आता मोडीत काढायच्या, जेट सगळ्याच बाबतीत भारी आणि वर एकदम सेफ. माझं काम बोटींच्या इंजिनांचंच आहे, त्यामुळे हे काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

उथळ पाण्यात जेटला तोड नाही, त्यात वादच नाही. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननी १९५० च्या दशकात तिथल्या गोट्यांनी भरलेल्या उथळ नद्यांसाठीच ती डेव्हलप केली, आणि १९६० मध्ये त्यांच्या बोटी कोलोराडो नदीत ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या उलट वर चढल्या. पंखा खाली लोंबत असता तर तिथं पहिल्या काही खडकांतच वाकला असता.

पण डिझेलचं काय? जेट थोडंसं पाणी खूप जोरात मागे फेकते, मोठा पंखा भरपूर पाणी सावकाश ढकलतो, आणि कमी स्पीडला हे सावकाश ढकलणंच स्वस्त पडतं. साधारण २५-३० नॉटच्या वर, म्हणजे ताशी ४६ ते ५६ किलोमीटरच्या वर गेलं की मग जेट बरोबरीला येते, कारण तेवढ्या स्पीडला साध्या पंख्यावर बुडबुडे व्हायला लागून त्याची पकड सुटते, शिवाय पंख्याचा शाफ्ट (दांडा) आणि सुकाणूही पाण्याला अडतात. ओढायची कामं करणारे टग आणि ट्रॉलर अजून मोठा पंखाच लावतात ते उगाच नाही. आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाला) पंखा काढून जेट युनिट बसवलं तर जवळपास ३० टक्के ताकद जाते, हे लेखात कुठंच नव्हतं.

आता सेफ्टी. फिरणारी पाती बाहेर नाहीत, त्यामुळे पोहणाऱ्याला कापायची भीती खूप कमी, हे खरंय. पण जेटला सुकाणू नसतं, बोट वळते ती नोझलमधून निघणाऱ्या पाण्याच्या जोरावर. समोर कोणी आलं की नवखा माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल फिरवतो, पाण्याचा जोरच गेलेला असतो त्यामुळे बोट सरळ जाऊन धडकते. सुकाणू असलेली बोट इंजिन बंद पडलं तरी आहे त्या वेगावर थोडी तरी वळते. नवीन वॉटर स्कूटरमध्ये यावर काहीतरी सोय दिलेली असते, पण सगळ्यांत नाही. आणि मागे पडलेल्या माणसाला ती पाण्याची धार शरीरात शिरून आतून गंभीर इजा होऊ शकते, वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा जाड रबरी पोशाख) घाला असं स्टिकरवर लिहितात ते याचसाठी (वाचतं कोण!). शिवाय तळाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडातून मोकळे केस, दोरी आत ओढली जाते ते वेगळंच.

प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ त्या तोंडाशी बसलं की इंजिन नुसतं ओरडतं, बोट जागची हलत नाही, आणि वाळू ओढून ओढून इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं पात्यांचं चाक) झिजला की ताकद हळूहळू कमी होत जाते, मालकाला वाटतं इंजिनच गेलं.

जागच्या जागी फिरणं आणि बकेट (धार पुढे वळवणारं नोझलमागचं झाकण) पाडून गिअर न बदलता रिव्हर्स, हे जेटचे गुण मलाही आवडतात. पण पुढच्या लेखात निदान एवढं तरी छापा, की जेट बोट अडथळ्यापासून वळवताना थ्रॉटल पूर्ण सोडायचा नाही, थोडा देऊनच वळवायची, आणि भाड्यानं बोट देणाऱ्यानं हे आधी मोकळ्या पाण्यात करून घेतल्याशिवाय चावी द्यायची नाही.

आपला,
एक बोट मेकॅनिक