संबळ घुमतो, तुणतुणं गायब!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात दिवाळीनंतर लोककला महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. आवडत्या गोंधळ पार्टीसाठी माणसं पन्नास-साठ किलोमीटरवरून येतात, आणि पत्रिकेवर नुसतं 'सायंकाळी ६ वाजता' छापलेलं असतं. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं यांतच साडेआठ वाजतात. उघड्या मैदानावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. मग कात्री लागते ती गोंधळाला. गण आणि देवदेवतांचं आवाहन होईपर्यंतच बराच वेळ जातो, खरं आख्यान त्यापुढचं. पंधरा मिनिटांत गोंधळ उरका म्हणणं म्हणजे पानात मीठ वाढून पंगत उठवणं. नामवंत गोंधळी राजारामबापू कदमांच्या परभणीत तरी असं होऊ नये.

दुसरी रड ध्वनिव्यवस्थेची. वरातीचेच साऊंडवाले बोलावतात, ते सवयीनं बास चढवून ठेवतात. संबळाचा खर्ज घुमून गाण्याचे शब्द गिळतो. तुणतुण्याची तार तर ऐकूच येत नाही. संबळाच्या दोन्ही तोंडांना वेगळा माईक द्यावा, हातभर अंतरावर. तुणतुण्याला स्वतंत्र माईक हवा, वीतभर अंतरावर, भांड्याच्या उघड्या तोंडाकडे. झीलकऱ्यांना, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांना, नायकाच्या (मुख्य गायकाच्या) माईकवर वाकायला लावू नये. स्टेजवर कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर, म्हणजे मॉनिटर, नसला की नायक स्वतःला ऐकू यावं म्हणून ओढून गातो आणि दोन पदांत घसा बसतो.

थंडीत दव पडलं की वाद्यांचं कातडं सैल पडतं. हलगी तर शेकल्याशिवाय कडाडतच नाही. स्टेजमागे शेगडी आणि शेजारी वाळूची बादली, एवढी सोय पुरते. विस्तवाला सरसकट बंदी घातली की वादक ढिल्या वाद्यावर जोर काढतात, साऊंडवाला आवाज वाढवतो आणि माईक शिट्टी मारू लागतो.

श्रोत्यांनीही स्पीकरच्या बॉक्सपुढची खुर्ची धरू नये. मिक्सरजवळ बसावं; साऊंडवाला आवाज तिथूनच जुळवतो.

आयोजकांनी पार्ट्यांची नावं वेळेसह छापावीत आणि सत्कार मध्यंतरात उरकावेत. शेवटची एसटी धरणाऱ्यांना थांबायचं की निघायचं, हे निदान ठरवता येईल.

आपले,
लोककलेचे काही श्रोते, परभणी